नवीन काउंटी जेलसाठी सेल्स टॅक्स: हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचं कसं

अमेरिकेत सिटिझन झाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा वरची सगळी मोठी नावं ठरवून गेले होते, आणि बॅलट उलटून बघते तर मागे सात ओळींचं एकच लांबलचक वाक्य, काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नवीन जेल बांधायला अर्धा टक्का सेल्स टॅक्स लावावा का म्हणून. अंदाजपंचे एक गोल काळा केला आणि आले घरी. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे काउंटी जेल आणि प्रिझन एक नाही. प्रिझन राज्याचं किंवा फेडरल, तिथे मोठी शिक्षा झालेले लोक. काउंटी जेल बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यात, आणि आत जास्त करून कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू आहे, जामीन मिळाला नाही किंवा भरायला पैसे नाहीत. त्यामुळे "जेल भरलंय" असं कुणी सांगितलं की आधी विचारा, भरलंय कशाने? कोर्टात तारखा लांबतायत म्हणून भरलं असेल तर नुसती बिल्डिंग मोठी करून काय होणार.

आता टॅक्स. प्रचारात "हाफ सेंट" म्हणतात, म्हणजे डॉलरमागे अर्धा सेंट, १०० डॉलरला ५० सेंट. ऐकायला किरकोळ. पण वर्षाची टॅक्स लागणारी खरेदी २०,००० डॉलर धरली तर १०० डॉलर झाले. कशाकशावर लागतो तेही बघा, कारण राज्याराज्यात फरक आहे. कॅन्ससमध्ये जानेवारी २०२५ पासून किराण्यावरचा राज्याचा टॅक्स शून्य झाला, पण लोकल टॅक्स चालूच आहे, फ्लोरिडात काउंटीचा सरटॅक्स, म्हणजे राज्याच्या टॅक्सवरचा जादा टॅक्स, एका वस्तूच्या पहिल्या ५,००० डॉलरवरच लागतो, म्हणजे गाडी घेतली तरी तेवढ्यावरच. ऑनलाइन मागवलं तरी सुटका नाही बरं का, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या वेफेअर (ऑनलाइन फर्निचर कंपनी) निकालानंतर बहुतेक ऑनलाइन दुकानदारही टॅक्स घेतात.

सेल्स टॅक्सच का, तर प्रॉपर्टी टॅक्स वाढवला की घरवाले चिडतात, आणि सेल्स टॅक्स हायवेवरून जाणारा पाहुणाही भरतो. युक्तिवाद चुकीचा नाही, फक्त कमी कमाईवाल्याच्या खिशाला तो जास्त टोचतो.

खरी गोम पुढे आहे. बिल्डिंग एकदा बांधली की झाली, पण गार्ड, नर्स, जेवण, औषधं, वीज हे दरवर्षी, आणि सगळ्यात मोठा खर्च पगाराचा. पांढरा हत्ती दारात बांधायचा टॅक्स मंजूर होतो, त्याचा चारा कुठून येणार ते कुणी बोलत नाही. म्हणून काउंटीच्या साइटवरून पूर्ण ठराव डाउनलोड करा, बॅलटवरचं वाक्य पुरत नाही, आणि त्यात तीन गोष्टी शोधा. टॅक्स संपायची तारीख आहे का? पैसा फक्त बांधकामाला की चालवायलाही? आणि बेड किती, सध्या रोज सरासरी माणसं किती? थोडे बेड जास्त लागतातच, बायका-पुरुष वेगळे, आजारी वेगळे ठेवावे लागतात, पण आकडा दुप्पट वगैरे दिसला तर रिकामे बेड दुसऱ्या काउंटीला किंवा फेडरल एजन्सीला भाड्याने द्यायचा बेत आहे का ते विचारा. ते भाडं बंद पडलं तर खड्डा आपणच भरायचा.

किती मतं लागतात तेही बघून ठेवा. कॅलिफोर्नियात काउंटीने ठराविक कामासाठी म्हणून टॅक्स आणला तर दोन तृतीयांश मतं लागतात, जनरल टॅक्स म्हणून आणला तर निम्म्याहून एक मत जास्त असलं तरी पुरतं, पण मग तो पैसा जेलवरच खर्च होईल असं कायद्याने बंधन राहत नाही.

ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर टॅक्स भराल पण मत देता येणार नाही. चुकूनही देऊ नका, पुढे इमिग्रेशनला महागात पडेल. काउंटी कमिशनरांच्या सुनावणीत मात्र साधारणपणे कुणीही बोलू शकतं, तिथे गार्ड-नर्सचे पगार दरवर्षी कुठून देणार, हा प्रश्न विचारा.

मत देणाऱ्यांनी सॅम्पल बॅलट आठवडाभर आधी बघून ठेवा, आणि बूथमध्ये कागद उलटायला विसरू नका.