हळदी-कुंकू बदक ओळखायचं, तर आधी चोच विसरा

"चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. झालं!" असं जो तो सांगतो. नाव त्यावरूनच पडलंय, पण दीडशे मीटरवरून कुंकू दिसत नाही, हे कुणी सांगत नाही.

१. मोसम. नवशिक्याने हिवाळ्यात सुरुवात करू नये. तेव्हा थापटे, गडवाल, तलवार बदकं असे पाहुणे आलेले असतात आणि त्यांच्या माद्या सगळ्या तपकिरीच. हळदी-कुंकू मात्र इथलंच, बारमाही. मे महिन्यात जा. पाहुणे परतलेले असतात, आटत्या तळ्यात बदकं एकवटतात. तेव्हा गावठी बदकाएवढं, तपकिरी, खवल्याखवल्यांचं रानबदक दिसलं, तर ते बहुधा हेच.

२. जागा. पाणवनस्पती असलेलं उथळ गोडं पाणी. नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य, उजनी धरणाचा फुगवटा, नाहीतर गावचा पाझर तलाव.

३. सकाळी, ऊन पाठीशी घेऊन.

४. ओळख. माझी दोन वर्षं इथेच वाया गेली. चोचीचं पिवळं टोक शोधत बसायचो. उन्हाची तिरीप आली की ते पांढरं दिसायचं. बदकाने मान पिसांत खुपसली की तेही नाही. मग कुणीतरी सांगितलं, "पांढरा पट्टा बघ." बघितला, आणि वहीत गडवालच्या माद्या हळदी-कुंकू म्हणून नोंदवून मोकळा झालो!

कारण पांढरं दोघांकडेही असतं. फरक जागेचा. गडवालचा पांढरा चौकोन छोटा, पंखावर खाली, जवळजवळ पाण्याच्या रेषेला टेकलेला. कधी दिसतो, कधी झाकला जातो. हळदी-कुंकूचा पट्टा लांबट, वर, पाठीच्या मागच्या बाजूला. झोपलेल्या पक्ष्यावरही तो दिसतो. तो सापडला की चेहरा बघा: फिकट गाल, काळपट टोपी, डोळ्यातून गेलेली गडद रेघ. काठावर चढलं तर पाय शेंदरी-लाल. उडालं तर पंखावर पांढऱ्या कडांचा चकचकीत हिरवा आरसा (म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा रंगीत पट्टा) आणि पंखाखाली पांढरं अस्तर. चोच सगळ्यात शेवटी, खात्री करायला.

कुंकू दिसलं नाही म्हणून पक्षी खोडू नका. मादीचे आणि पिल्लांचे ठिपके बारीक किंवा नसल्यासारखेच असतात. बाकी नर-मादी इतके सारखे की दुरून लिंग सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

५. वागणं. हे बुडी मारणारं बदक नाही. डोकं खाली, शेपटी वर करून तळ चाचपतं. सकाळ-संध्याकाळ चरतं, दुपारी काठाला पेंगतं, भाताच्या खाचरातही उतरतं. दचकलं की पाण्यावर धावत न सुटता थेट वर उसळतं. वारकरी पक्षी धावत धावत उडतो, तो शेजारी असला की फरक लगेच कळतो. मादीचा आवाज गावठी बदकासारखाच, क्वॅक-क्वॅक.

६. घरटं शोधू नका. पावसाळ्यात मादी काठच्या गवतात, जमिनीवरच अंडी घालते. तुम्ही तिला उठवलंत की उघड्या अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात. पिल्लांची रांग दिसली तर फोटोसाठी पाण्यात उतरू नका. असाल तिथेच खाली बसा, ती झाडोऱ्यात शिरेपर्यंत.