एलईडी स्क्रीन लावायच्या आधी कागदावर काय ठरवायचं

गोव्यात देवळाच्या मंडपात, हॉटेलात, म्हापशाच्या बाजारात एलईडी स्क्रीन लावायची असेल तर दर विचारायच्या आधी जागेवर टेप घेऊन जा आणि सगळ्यात जवळचा माणूस किती लांबून बघणार ते मोजा, कारण पिच (दोन पिक्सेलमधलं अंतर, मिमीत) त्यावरूनच ठरतो. साधा हिशोब असा की जितके मिमी पिच तितके मीटर अंतर, म्हणजे पी४ (४ मिमी पिच) किमान ४ मीटरवरून बरा दिसतो.

मग कॅबिनेट, म्हणजे जे जोडून स्क्रीन बनते ते तयार चौकोनी तुकडे, कागदावर मांडा. ९६० बाय ९६० मिमीचे पी४ कॅबिनेट आडवे ४, उभे ३ घेतले की स्क्रीन ३.८४ बाय २.८८ मीटर आणि ९६० बाय ७२० पिक्सेल. हा आकार ४:३ झाला, नेहमीचा १६:९ व्हिडिओ लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येणार, हे मालकाला आधीच दाखवा प्लीज! पिक्सेल होतात ६,९१,२०० आणि कंट्रोलरचा (स्क्रीनला व्हिडिओ पाठवणारा डबा) एक गिगाबिट पोर्ट साधारण साडेसहा लाखच पिक्सेल ओढतो, म्हणून पोर्ट दोन धरा.

वीज कंपनीच्या माहितीपत्रकातल्या (डेटाशीट) मॅक्सिमम आकड्यावर काढा, चौरस मीटरला ८०० वॅट असेल तर जवळपास ९ किलोवॅट, म्हणजे थ्री फेज आणि चांगलं अर्थिंग.

बाहेरच्या स्क्रीनला ५००० निट्स (उजेडाचं माप) तरी हवेत, पश्चिमेकडे तोंड असेल तर जास्तच. आपल्याकडे पाऊस आणि खारा वारा, त्यामुळे आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) मागच्या बाजूलाही बघा, लोखंड गॅल्वनाइज्डच घ्या आणि फ्रेमचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, यात पैसे वाचवू नका. मागे भिंत असेल तर फ्रंट सर्व्हिसवालीच (पुढून उघडून दुरुस्त होणारी) मागवा.