पाती फिरताना दिसली पाहिजेत: एअर शोमध्ये जुन्या विमानांचे फोटो

प्रोपेलरच्या जुन्या विमानाचा फोटो १/२००० सेकंदाच्या शटरला काढला की पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान हवेतच इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं. जेटला हा शटर लागतोच. आपल्या वायुसेनेच्या विंटेज ताफ्यातल्या डाकोटा, हार्वर्ड आणि टायगर मॉथला मात्र शटर मंद ठेवावा लागतो, आणि मंद शटरवर विमान हलू नये म्हणून हात तयार लागतो. बंगळूरजवळ येलहंकाच्या हवाई तळावर एरो इंडिया हा एअर शो भरतो, तिथल्या गर्दीत पोचल्यावर तो तयार होत नाही. सांगली-साताऱ्यातच तयार करून निघावं.

आधी शटरचा हिशोब. पात्याने निदान ६० अंशांचा फराटा काढला तर प्रोपेलर फिरतोय असं वाटतं. त्यासाठी प्रोपेलरच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना १० ने भागा. जो आकडा येईल तेवढा शटर. डाकोटाचं इंजिन उडताना साधारण २०५० फेऱ्यांवर असतं, पण मध्ये १६:९ चा गिअर असल्याने प्रोपेलर ११५० च्या आसपासच फिरतो. म्हणजे १/१२५ किंवा त्याहून थोडा मंद. हार्वर्ड आणि टायगर मॉथला गिअर नाही, प्रोपेलर थेट इंजिनवर, साधारण २००० फेरे. तिथे १/२०० पुरतो. पूर्ण चकती हवी असेल तर डाकोटाच्या तीन पात्यांना प्रत्येकी १२० अंश फिरावं लागतं, म्हणजे १/६०. एवढ्या मंद शटरवर ४०० मिमी लेन्सने दहातला एखादा फोटो धारदार आला तरी चांगला. म्हणून पहिल्या फेरीला १/२५०, हातात फोटो आले की १/१२५, आणि शेवटच्या फेरीला १/६०, असं उतरत जा.

हे डोळ्यांनी बघायचं तर घरातला टेबल फॅन तीन नंबरवर लावा. तो मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतो, पाती बहुतेक तीनच, म्हणजे डाकोटाच्या प्रोपेलरचा जवळजवळ सख्खा भाऊ. खिडकीच्या उजेडात १/१०००, १/२५०, १/१२५, १/६० असे चार फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा. १/१००० ला जाळीमागे पाती जवळजवळ थिजलेली दिसतात, कड तेवढी थोडी पुसट येते. १/१२५ ला पाती पसरतात पण तीन आहेत हे कळतं. १/६० ला नुसती चकती उरते. मिररलेस कॅमेऱ्याचा सायलेंट शटर इथेच लावून बघा. पाती केळ्यासारखी वाकलेली येतील, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. मोबाइलमध्येही हेच होतं. एअर शोला मेकॅनिकल शटरच ठेवा.

आता पॅनिंग, म्हणजे विमानामागे कॅमेरा वळवत फोटो काढणं. ३०० मीटरवरून ताशी २५० किलोमीटरने जाणाऱ्या हार्वर्डमागे कॅमेरा ज्या गतीने वळवावा लागतो, तीच गती ६० मीटरवरून ताशी ५० ने जाणाऱ्या मोटरसायकलला लागते. सांगली-मिरज रस्त्याकडेचा मोकळा प्लॉट किंवा साताऱ्याबाहेरचा एखादा सरळ रस्ता बघा, साठेक मीटर मागे उभे राहा आणि रोज संध्याकाळी शंभर फोटो १/१२५ ला काढा. गाडीची नंबर प्लेट वाचता आली तर फोटो पास. वर बघत वळायची सवय व्हावी म्हणून कृष्णाकाठच्या घारी आहेतच. कराडच्या धावपट्टीच्या कुंपणाशी मात्र विनापरवाना कॅमेरा घेऊन जाऊ नये.

उभं राहण्यात बऱ्याच जणांची चूक होते. विमान सगळ्यात जवळून जिथे जाणार, तिकडे पावलं रोवायची, मग कंबरेतून मागे वळून येणारं विमान पकडायचं आणि सोबत सुटत यायचं. येणाऱ्या विमानाकडेच पाय केले तर ऐन समोर आल्यावर कंबर अडते आणि फोटो तिथेच हलतो. कोपरं बरगड्यांना टेकलेली हवीत. खटका दाबल्यावरही कॅमेरा वळवत राहा. थांबलात की मालिकेतले शेवटचे दोन फोटो गेलेच. लेन्समधला हादरे सावरणारा स्टॅबिलायझर पॅनिंगच्या मोडवर हवा: कॅननला मोड २, निकॉनला स्पोर्ट. साध्या मोडमध्ये तो तुमचं वळणंसुद्धा थोपवायला बघतो.

लेन्सचा अंदाज गणितानेच येतो. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्समध्ये ३०० मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर रुंदी मावते. नऊ मीटरच्या आतबाहेरचं हार्वर्ड त्यात निम्मी फ्रेम भरतं, तर साडेएकोणीस मीटर लांबीचं डाकोटा बाहेर जातं. त्यामुळे १००-४०० सारखी झूमच बरी. कोयना-महाबळेश्वरच्या ओल्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर लेन्स टॉर्च लावून तपासावी. आत बुरशीची जाळी असेल तर उन्हात सगळा फोटो धुरकट येतो.

मंद शटरची खरी अडचण कडक उन्हात कळते. आयएसओ १०० आणि १/१२५ ला अॅपर्चर एफ १६ च्या घरात जातं. तिथे फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक कण निळ्या आभाळात काळा ठिपका होऊन बसतो. दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड एक चतुर्थांशावर आणणारी काच, लावा, एफ ८ वर येता येतं. पोलरायझर टाळावा, विमानामागे वळताना आभाळाची छटा फ्रेमगणिक बदलते. फिल्टर घेण्याआधी लेन्सचा घेर बघा, १५०-६०० च्या बऱ्याच लेन्सना ९५ मिमीचा लागतो आणि तो महाग आहे. मोड शटर प्रायॉरिटी, फोकस सतत चालणारा, पॉइंटचा छोटा गट विमानाच्या नाकावर. उजळ आभाळापुढे विमान काळं पडतं म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. उघड्या अॅल्युमिनियमचं चकाकतं विमान असेल तर परत शून्यावर या, नाहीतर पंखावरचा पांढरा डाग काही केल्या सावरत नाही.

एरो इंडिया विषम सालांत फेब्रुवारीत भरतं. सातारा बंगळूरच्या महामार्गावरच आहे, सांगलीकरांना मिरजेहून रेल्वे. सकाळी लवकर जागा धरा. ऊन चढलं की डांबर तापतं, हवा लवलवते आणि धावपट्टीवरचं लांबचं विमान पाण्यातून पाहिल्यासारखं येतं. त्यावर महाग लेन्सचाही इलाज नाही. अशा वेळी फक्त वर उडणारी किंवा जवळची विमानं टिपा.

इंजिन सुरू होतानाचा क्षण सोडू नका. डाकोटा-हार्वर्डच्या गोल इंजिनात सिलिंडर वर्तुळात बसवलेले असतात, त्यामुळे खालच्या सिलिंडरांत तेल साठलेलं असतं. सुरू होताना ते जळतं आणि काही सेकंद निळसर-पांढऱ्या धुराचा लोट येतो. तेव्हा प्रोपेलर फार हळू फिरतो. डाकोटाचा ५०० च्या आसपास असेल तर १/५०. आकाशासाठी लावलेला १/२५० तसाच राहिला तर पाती थिजलेली येतात, आणि हे ऐन वेळी हमखास विसरतं. मोडच्या चकतीवर आपली सेटिंग साठवायच्या जागा असतात, त्यातल्या सी १ ला उड्डाणाची आणि सी २ ला जमिनीवरची सेटिंग आधीच भरून ठेवा.

रात्री फोटो निवडताना पूर्ण आकारात शेपटीचा क्रमांक बघा. आपल्या डाकोटाला व्हीपी ९०५ हा क्रमांक १९४७ मध्ये श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाच्या आठवणीत दिलेला आहे. तो वाचता येत नसेल, तर पाती कितीही सुंदर फिरलेली असोत, तो फोटो बाजूला काढा.