जुन्या जिप्सीचे ऑइल घरी बदलताना या चुका टाळा

मारुती जिप्सी 1985 साली 970 सीसीच्या इंजिनासह बाजारात आली, 1996 मध्ये तिला 1300 सीसीचे इंजिन मिळाले आणि 2000 साली कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची पद्धत, आली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की आज हाती येणारी जिप्सी बहुधा तीन-चार मालकांच्या हातांखालून गेलेली असते. तिच्यात मूळ इंजिन काढून मोठे बसवलेले असू शकते, डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) दुसऱ्याच गाडीची असू शकते आणि ड्रेन बोल्टही (तळातून ऑइल काढण्याचा बोल्ट) बदललेला असू शकतो. पुस्तकात दिलेले माप अशा गाडीला जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरणे ही पहिली चूक आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. म्हणून ऑइल आणि फिल्टर विकत घेण्यापूर्वी इंजिनावर कोरलेला क्रमांक वाचावा आणि आरसी पुस्तकाशी पडताळून पाहावा. सध्या बसवलेल्या फिल्टरवरचा क्रमांक टिपून ठेवला तर दुकानदाराला अंदाजाने फिल्टर देण्याची वेळ येत नाही.

दुसरी चूक ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण प्रथमच गाडीखाली शिरणाऱ्यांकडून ती होते: भलताच बोल्ट उघडला जातो. जिप्सीच्या पोटाखाली इंजिनाची चेंबर (तळाचे ऑइलचे भांडे), गिअरबॉक्स, त्यामागे आखूड शाफ्टने जोडलेली स्वतंत्र ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) आणि पुढे-मागे एकेक डिफरन्शियल (दोन चाकांमधली गिअरपेटी), अशा पाच ठिकाणी तेल असते आणि चिखलाने माखल्यावर सगळे बोल्ट सारखेच दिसू लागतात. बाहेर येणारे तेल घट्ट असेल आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येत असेल, तर ते गिअर ऑइल आहे. बोल्ट ताबडतोब परत लावावा आणि जेवढे सांडले तेवढे योग्य दर्जाचे तेल त्याच ठिकाणी भरावे. हे लक्षात न येता वरून इंजिनात चार लिटर ताजे ऑइल ओतले गेले, तर एकाच वेळी गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि इंजिन दुपटीने भरते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलचे तेल मुद्दाम बदलायचे असेल, तेव्हा भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा. तो गंजून बसलेला असेल आणि खालचा आधीच उघडला असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही.

जिप्सी मुळातच उंच असल्यामुळे ऑइल बदलण्यासाठी जॅकची गरज बहुधा पडत नाही. पुढची बाजू उचलली की चेंबरमधले तेल मागे सरकते आणि पूर्ण निघत नाही, त्यामुळे सपाट जागा केव्हाही बरी. उचलावीच लागली, तर स्टँड लावल्याशिवाय आणि मागच्या चाकांना अडसर लावल्याशिवाय खाली शिरू नये. एकट्या जॅकवर विसंबणे जिवावर बेतू शकते. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे. कडक तापलेल्या इंजिनाचे तेल हात भाजते आणि थंडगार इंजिनाचे तेल गाळ आतच ठेवून बाहेर येते. बोल्टाभोवतीचा चिखल आधी ब्रशने खरवडून काढावा, आणि खाली संरक्षक पत्रा बसवला असेल तर तो उतरवावा, कारण त्याच्या भोकातून तेल घमेल्यात पडण्याऐवजी पत्र्यावर साचते आणि पुढे आठवडाभर टपकत राहून गळतीचा खोटा संशय निर्माण करते.

आटे जाण्याची चूक मात्र महागात पडते. उताणे पडून काम करताना दिशांचा गोंधळ होतो आणि सोडवायच्या ऐवजी बोल्ट आवळला जातो. त्यात पान्याला पाइप लावून जोर केला की आटे गेलेच म्हणून समजावे. बसवताना बोल्ट प्रथम हातानेच फिरवावा. तो हाताने चार फेरे सहज गेला नाही, तर तिरका बसला आहे असे समजून काढून पुन्हा लावावा. वॉशर नवा घालावा. 1300 सीसीच्या इंजिनाला हा बोल्ट आवळताना साधारण 35 न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो; आधीच्या कोणी जाडा बोल्ट ठोकून बसवला असेल, तर हा आकडाही कामाचा नाही आणि चेंबर उतरवून आटे नीट करून घेणेच शहाणपणाचे ठरते.

फिल्टर काढल्यावर त्याच्या तोंडावरचे रबरी कडे त्याच्याबरोबर आले आहे का, हे बोट फिरवून पाहावे. जुने कडे इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर इंजिन सुरू करताच दोन रबरांच्या मधून तेल पिचकारीसारखे बाहेर पडते. नव्या कड्याला ताज्या ऑइलचा हात लावून फिल्टर टेकेपर्यंत फिरवावा आणि तिथून पुढे हातानेच पाऊण फेरा द्यावा. फिल्टरचा पाना काढण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही.

इंजिन ‘धुण्यासाठी’ डिझेल किंवा रॉकेल घालून ते चालवण्याची पद्धत अजूनही काही गॅरेजांत दिसते. जुन्या इंजिनात तिने साठलेला गाळ सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, शिवाय तेवढा वेळ बेअरिंग पातळ द्रवावर फिरतात. बाइकचे ऑइल स्वस्त पडते म्हणून तेही घालू नये. ते तेलात बुडालेल्या क्लचचा विचार करून बनवलेले असते.

भरताना चार लिटरचा डबा एकदम रिकामा करू नये. तीन लिटर ओतून दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक पाहावी आणि मग थोडे थोडे वाढवावे. ऑइल जास्त भरले, तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाने ऑइलचा दाब कमी होतो. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर रेस देऊन पाहण्याचा मोह टाळून इंजिन बंद करावे. दिवा विझला, तर दोन मिनिटांनी इंजिन बंद करून पातळी पुन्हा बघावी, कारण फिल्टर भरल्यामुळे ती उतरलेली असते.

निघालेले काळे तेल लगेच ओतून न देता निरखावे. पावसाळ्यात फक्त भरण्याच्या झाकणाखाली दिसणारी पांढरी साय बहुधा बाष्पाची असते. पण सगळे तेलच दुधाळ निघाले, तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा नदी-ओढा ओलांडताना पाणी आत शिरले आहे. कार्बोरेटरच्या जिप्सीत मधल्या काळात डिपस्टिकवरची पातळी वाढत असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा बहुधा फाटलेला असतो. तो बदलल्याशिवाय नवे ऑइल घालणे व्यर्थ आहे. तळाशी थेंब दिसला की बोल्ट आणखी आवळला जातो, मात्र पुष्कळदा गळती टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून सुरू होऊन ओघळत खाली आलेली असते, म्हणून आधी इंजिन पुसून वरून खाली पाहत यावे.

काळे ऑइल कुंपणाच्या खांबांना किंवा सेंटरिंगच्या पाट्यांना फासण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे, आणि फिल्टर त्याआधी रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्यावा.