सीएनसी ऑपरेटर घेताना सर्टिफिकेट बघायचं की हात?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप चालवणाऱ्याने हा प्रश्न सरसकट सोडवू नये. आधी कामं वेगळी करा. बॉयलर चालवणाऱ्याला सक्षमता प्रमाणपत्र लागतं, वायरिंग करणाऱ्याला परवाना. तिथे वीस वर्षांचा अनुभव असला तरी कागद नसेल तर बोलणंच वाढवू नका. उद्या काही झालं तर मालकाच्या गळ्याशी येतं. टर्नर, मशीनिस्ट, सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन) ऑपरेटर यांचा मात्र हातच बघायचा.

सीएनसी टर्निंगचं घ्या. बायोडेटावर 'पाच वर्षं, फॅनुक' (मशीनच्या कंट्रोलरचा ब्रँड) असतं. त्यात नुसता जॉब (घडवायचा पार्ट) लावून सायकल स्टार्ट दाबणाराही येतो आणि सेटिंग, म्हणजे टूल बसवून मापं जुळवणाराही. म्हणून विचारा: इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) बदलल्यावर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कोण घ्यायचं? सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) कोण बोअर करायचं? पहिला पीस कोण चेक करायचं? तिन्हीला 'सेटर', म्हणजे सेटिंग करणारा दुसरा माणूस, असं उत्तर आलं तर पगार ऑपरेटरचाच बोला.

मग मशीनपाशी न्या. 0–25 मिमीचा मायक्रोमीटर आणि बाहेरून टर्न केलेला जॉब हातात द्या. ड्रॉइंगवर व्यास 20 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±0.02, जॉब मात्र मुद्दाम 20.06 चा ठेवा. मायक्रोमीटरची तोंडं पुसून झीरो बघतो का, तिकडे लक्ष ठेवा. न सांगता बघितलं तर माणूस कामाचा आहे. आता विचारा, वेअर ऑफसेट (टूलची झीज भरून काढणारी दुरुस्ती) किती टाकशील? एक्समध्ये (व्यासाच्या दिशेला) -0.06 हे बरोबर, कारण प्रोग्राम व्यासात आहे. -0.03 म्हणणारा त्रिज्या धरतोय. त्याचा पुढचा पीस 20.03, म्हणजे टॉलरन्सबाहेरच. +0.06 म्हणणाऱ्याचा 20.12 येईल. शेवटी बोअरचं (आतल्या भोकाचं) विचारा: 0.06 ने लहान आला तर? तिथे +0.06. अनुभवी म्हणवणारे बरेचदा इथेच अडखळतात, कारण वर्षानुवर्षं एकच पार्ट काढलेला असतो.

ताजा आयटीआयवाला उलटा. टर्नर किंवा मशीनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्याला ड्रॉइंग वाचता येतं, 20 एच6 (मापापुढची टॉलरन्सची खूण) दिसलं की तक्ता उघडायचा हे कळतं, पण वेग नसतो. त्याला अप्रेंटिस म्हणून घेणं परवडतं. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसांच्या जागी ते ऐच्छिक आहे.

अनुभवाचा दाखला कोणीही छापून आणतो. उमेदवारालाच त्याच्या मोबाइलवर पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडायला सांगा. कुठे, कधीपासून कधीपर्यंत, सगळं दिसतं. नोंद नाही म्हणजे खोटं असं नाही. वीसपेक्षा कमी कामगारांच्या शॉपमध्ये पीएफ नसतोही. मग तिथल्या सुपरवायझरला फोन लावा आणि 'कसा आहे' असं मोघम न विचारता 'सेटिंग करायचा का' एवढंच विचारा.

रबाळे-महापेला सकाळी 7 ची शिफ्ट असेल तर दिवा-डोंबिवलीहून येणाऱ्याला ठाण्याला ट्रान्स-हार्बरची (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) कुठली गाडी पकडणार तेही विचारून घ्या. चांगला हात महिन्याभरात सुटतो तो कित्येकदा यापायीच.

ट्रायलला मशीन चालवायला दिलं तर शेजारी आपला माणूस उभा ठेवा आणि त्या दिवसाची मजुरी द्या. नेमणूकपत्रात 'ऑपरेटर' की 'सेटर-कम-ऑपरेटर' ते स्पष्ट लिहा. पगारवाढीची भांडणं तिथूनच सुरू होतात.