पोटगीची रक्कम बदलून घ्यायचीय? या चुका टाळा

अवकाळीत द्राक्षबाग झोपली किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यातलं कंत्राट संपलं, की माणूस सगळ्यात आधी पोटगी थांबवतो. बँकेचा हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. पोटगी चुकली तर बरेच महिने कोणी काही बोलत नाही, आणि मग एकदम वसुलीचं वॉरंट घेऊन पोलीस दारात उभे राहतात. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर चहा पिताना ही कहाणी ऐकली नाही असा वकील सापडायचा नाही.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच. परिस्थिती बदलली म्हणून आदेश आपोआप बदलत नाही. समजा, महिना 8,000 रुपये ठरले होते, नोकरी गेली आणि 14 महिने काहीच दिलं नाही. थकबाकी झाली 1,12,000. आता तुम्ही कामावरून कमी केल्याचं पत्र दाखवता, पण त्या 14 महिन्यांत जुना आदेश जिवंतच होता. फौजदारी तरतुदीखालची (जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 125 ची) पोटगी असेल तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘आत जाऊन आलो, हिशेब मिटला’ हा तर निव्वळ गैरसमज. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, कैदेनं देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगितलंय. तेव्हा नोकरी गेली त्याच महिन्यात अर्ज करा, आणि निकाल लागेपर्यंत जमेल तेवढं, दोन हजार का होईना, बँकेतून भरत राहा. रोख नको. मुलांना घेतलेले कपडे किंवा परस्पर भरलेली फीसुद्धा, आदेशात तसं लिहिलेलं नसेल तर, पोटगीत धरली जाईल या भरवशावर राहू नका.

अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा, यात बरेच जण घसरतात. आधी मूळ आदेश काढून वाचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायम पोटगी मिळाली असेल, तर बदल त्याच कलमाच्या उपकलम 2 खाली मागायचा. जुन्या फौजदारी संहितेच्या 125 खालच्या पोटगीसाठी पूर्वी कलम 127 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आता ते कलम 146 झालंय. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पुन्हा वेगळं, 25(2). या शेवटच्या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय की आदेशानंतर बदललेली परिस्थिती दाखवावी लागते आणि आधी दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मूळ निकालच चुकीचा वाटत असेल तर ते अपिलाचं काम. जुनंच रडगाणं नव्या अर्जात गायलं की अर्ज पडलाच म्हणून समजा.

आता पुराव्याचं. शेतकरी पक्षकार सातबारा घेऊन येतात, पण सातबारा जमीन सांगतो, उत्पन्न नाही. आडत्याच्या हिशेबपट्ट्या, नुकसानीचा पंचनामा, पीककर्जाचा खातेउतारा आणा, आणि तोही तीन-चार वर्षांचा. एक हंगाम बुडाला हे कोर्टाला पटतं, पण पुढचा हंगाम चांगला असू शकतो हेही कोर्टाला कळतं. नोकरदाराची गोष्ट आणखी अवघड. धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना कमवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलंय. त्यामुळे नुसता राजीनामा पुढे करून चालत नाही. दुसरीकडे काम शोधल्याचे कागद लागतात. पगारातून जाणारा फ्लॅटचा हप्ताही फारसा कामी येत नाही, कारण ते कर्ज तुम्ही आपणहून घेतलेलं असतं.

नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. इथे लपवाछपवी करू नका. भावाच्या नावावर टाकलेली गाडी किंवा बायकोनं न सांगितलेली शिकवणीची कमाई बँकेच्या उताऱ्यातून बाहेर येतेच, आणि मग तुमच्या खऱ्या अडचणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या कोर्टात आधी पोटगी ठरली असेल तर तेही सांगायचं असतं.

‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा आणखी एक लाडका नियम. 2017 च्या एका प्रकरणात न्यायालयानं तसं म्हटलं खरं, आणि त्याच प्रकरणात नवऱ्याचं दुसरं लग्न आणि मूल बघून 23,000 चे 20,000 केले. पण तो काही सरसकट लागू होणारा तक्ता नाही.

दोघांनी आपसात ठरवलं असेल, तर फोनवरच्या ‘चालेल, पाच दे’ वर थांबू नका. सह्या करून पुरशीस, म्हणजे दोघांचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करा आणि तसा आदेश घ्या. नाहीतर भांडण पेटलं की जुना आकडा पुन्हा उभा राहतो. आई आणि मुलगा दोघांना मिळून एकच रक्कम असेल, तर मुलगा अठराचा झाला म्हणून स्वतःच अर्धी कापणं हीसुद्धा थकबाकीच.

घेणाऱ्या बाजूच्या चुका थोड्या, पण जिव्हारी लागणाऱ्या. जुन्या कलम 125 किंवा नव्या संहितेच्या कलम 144 खालची थकबाकी वॉरंटनं वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज लागतो. ‘बघू, देईल’ म्हणत दोन वर्षं घालवू नका, ताई. आणि वाढ मागायला संकोच कसला? मूल बालवाडीतून अकरावीला गेलं, तरी आकडा जुनाच राहिलेल्या फायली कमी नाहीत. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात महिना 50,000 आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ दिली, तशी वाढीची अट सुरुवातीलाच मागता येते. दुसरं लग्न केलं असेल तर मात्र लपवू नका. फौजदारी तरतुदीखालची पोटगी लग्नाच्या तारखेपासूनच रद्द होते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. जाताना मूळ आदेशाची प्रमाणित नक्कल सोबत असू द्या, नाहीतर पहिला हेलपाटा फुकट.