खोगिरावरून घोड्याला मागे चालायला कसं शिकवावं

लगाम ओढला की घोडा मागे जातो, हा समज आधी काढून टाका. नुसत्या ओढलेल्या लगामाला घोडा मान वर फेकून पाठ खोलगट करतो, नाहीतर हनुवटी छातीला लावून कडियाळ्याच्या, म्हणजे तोंडातल्या लोखंडी दांडीच्या, तावडीतून सुटतो. फारच ताणलं तर झाड होतो, म्हणजे मागच्या दोन पायांवर उभा राहतो. मागे जायची ताकद निघते स्वाराच्या मांडीतून आणि पोटरीतून. हातानं फक्त पुढची वाट बंद ठेवायची.

नीट मागे जाणारा घोडा दुडकीसारखे (संथ धावेसारखे) तिरपे पाय जोडीनं टाकतो. उजवा पुढचा आणि डावा मागचा एकत्र, मग दुसरी जोडी. दुडकीतली उसळी मात्र यात नसते. कडक जमिनीवर कान दिलात तर टापांचे दोनच ठोके ऐकू येतात. चार येत असतील तर घोडा घाईत आहे किंवा पाय न उचलता फरफटत नेतोय. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे फरफटणं त्याला सोपं जातं. शिवाय शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. म्हणजे आपण त्याला न दिसणाऱ्या जागेत जायला सांगतोय. अडला तर लगेच हट्टी ठरवू नका.

सुरुवात जमिनीवरून

टाच लागताच पुढे निघणं आणि चारही पायांवर ४-५ सेकंद शांत उभं राहणं, हे दोन्ही जमत नसेल तर हा धडा लांबणीवर टाका. जमत असेल तर मोहरकी (कडियाळं नसलेला तोंडावरचा दोरीचा किंवा पट्ट्यांचा साज) आणि तिला बांधायची अडीच-तीन मीटरची बागडोर, म्हणजे धरायची दोरी, घ्या. घोड्याच्या खांद्याजवळ, थोडं बाजूला उभे राहा, थेट समोर नको. मान जिथे छातीला मिळते त्या खळग्यात बोटांची टोकं टेकवा, ‘मागे’ म्हणा आणि दाब हळूहळू वाढवा.

आता नजर छातीवर ठेवा. खूर उचलण्याआधी छातीचा स्नायू आत ओढला जातो आणि वजन मागे सरकतं. त्या क्षणी बोटं काढा. पाऊल पडायची वाट पाहत बसलात तर सुटका उशिरा होते आणि ती कशाबद्दल मिळाली हे घोड्याला कळत नाही. रोज पाच मिनिटं पुरतात. नुसत्या ‘मागे’ या शब्दावर दोन-तीन पावलं पडू लागली की खोगीर चढवा.

खोगिरावर

तोंडात साधं स्नॅफल, म्हणजे सौम्य जातीचं कडियाळं, ठेवा. काटेरी लगाम काही ठिकाणी अजून दिसतो. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांवर असली अणकुचीदार साधनं वापरायला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे, आणि स्वारीच्या घोड्याचं तोंडही काही वेगळं नसतं.

१. कुंपणाला समांतर, सरळ उभे राहा. एक बाजू आपोआप सांभाळली जाते.

२. बूड खोगिरातच ठेवून थोडं वजन मांड्यांवर घ्या. बहुतेक जण इथे मागे रेलतात. त्यानं घोड्याच्या कमरेवर दाब येतो आणि घोड्याला पाठ वर उचलताच येत नाही.

३. दोन्ही पोटऱ्या तंगाच्या (खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) चार बोटं मागे नेऊन हलक्या दाबा. घोडा पुढे निघू पाहील. तेव्हा मुठी मिटा, पण कोपर मागे नेऊ नका. सोबत ‘मागे’ म्हणा. पहिल्या दिवशी जमिनीवर एक मदतनीस उभा करा. त्यानं त्याच खळग्याला बोट लावलं की जुना धडा नव्या खुणेशी जोडला जातो.

४. एक पाऊल पडलं की मुठी सैल, पोटऱ्या सैल, मानेवर थाप. लगेच दहा पावलं पुढे चालवा.

दिवसाला असं तीन-चार वेळाच करा. आठवड्यानंतर एकाची दोन, मग तीन-चार पावलं. प्रत्येक पावलाबरोबर मूठ किंचित सैल करून पुन्हा मिटायची. सलग आवळून धरली तर पुढचं पाऊल अडतं. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, परीक्षांतही साधारण तीन ते पाचच पावलं मागतात, त्यामुळे वीस पावलं मागे नेण्यात काही मर्दुमकी नाही. शिक्षा म्हणून तर कधीच नेऊ नका, मागच्या गुडघ्या-घोट्यांवर नाहक ताण येतो.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतो तो सरळपणा. पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, उजवीकडे सरकला तर आधी दोन पावलं पुढे जा, मग पुन्हा मागे घेताना उजवी पोटरी जरा जास्त मागे लावा. जमेना तर जमिनीवर मीटरभर अंतरानं दोन लांब बांबू टाका आणि त्यांच्या मधून न्या. बांबूंत शिरताना घोडा पुढच्या बाजूनंच आत जाऊ द्या आणि पहिल्या दिवशी पुढचे पाय बाहेर पडण्याआधीच एक-दोन पावलं मागे घेऊन थांबा.

पाय रोवलेले, पुढचा भाग हलका झालेला आणि मान ताठ, ही झाड होण्याची पूर्वखूण. त्याच क्षणी दोन्ही हात पुढे सोडा, एका बाजूला वळवा आणि टाच मारून चालतं करा. इथे लगाम ओढणारा स्वार घोड्याला स्वतःच्या अंगावर पाडून घेऊ शकतो.

काही घोडे शिकल्यावर आगाऊ होतात, थांबवलं की आपणहून मागे सरतात. दहांतल्या नऊ थांब्यांनंतर पुढेच न्या, सवय मोडते.

नीट शिकलेला घोडा अचानक नकार देऊ लागला तर खोगिराखालची पाठ चाचपा आणि दात तपासून घ्या. मागे घेताना एखादा मागचा पाय झटक्यानं वर उचलून हवेत थरथरत राहिला, किंवा पाय ताठ होऊन मागे अडकला, तर ते मज्जातंतूंचं किंवा गुडघ्याच्या वाटीचं दुखणं असू शकतं. धडा थांबवून पशुवैद्य बोलवा. सारंगखेड्यासारख्या बाजारात घोडा पाहायला गेलात तर विकणाऱ्याला म्हणूनच खोगीर काढून, मोहरकीवर, सहा पावलं मागे घ्यायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून मागचे पाय पाहा.